यशाचें अनेकवचन

सुशिक्षित कुटुंबांत परीक्षेचा निकाल लागला कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितवा नंबर आला?" हा प्रश्न विचारण्यांत गैर असें कांहीं नाहीं. ज्या घरांना विद्येखेरीज दुसरें वतन नव्हतें, त्यांनीं दोन-तीन पिढ्या आपला संसार ह्याच प्रश्नावर तोलला आहे. आजोबांच्या काळीं शिष्यवृत्ति मिळाली तर मुलाचें शिक्षण पुढें चालावयाचें, न मिळाली तर तो एखाद्या कचेरींत उमेदवारी करावयास जावयाचा. नंबराची आणि पोटाची अशी सांगड होती. परंतु ह्या प्रश्नाची संवय जडतां जडतां एक गोष्ट आमच्या घरांतून निसटली. विद्या मिळवितांना मूल कोणाच्या संगतींत वाढलें, त्यानें कोणाला हात दिला आणि कोणाचा हात धरून तें स्वतः वर आलें, हें आपण विचारीनासे झालों. गुणपत्रकावर एकच नांव छापलेलें असतें, म्हणून यशहि एकट्याचें असतें असें आपण धरून चालतों.

मी जुना संस्कृत शिक्षक. स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढचें सारें अध्ययन पाठशाळेंत शास्त्रीबोवांपाशीं झालें, आणि निवृत्तीपर्यंतचीं वर्षें शाळेंतील मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत गेलीं. त्यामुळें कोणताहि विचार मनांत येतो तो व्याकरणाच्या वाटेनेंच येतो. संस्कृत शिकतांना मुलांची अडखळण्याची हमखास जागा म्हणजे द्विवचन. मराठींत एकवचन आणि अनेकवचन एवढ्यावर भागतें, इंग्रजींतहि तसेंच; मग दोघांसाठीं निराळें रूप कशाला, असें दरवर्षीं कोणी ना कोणी विचारी. त्याला मी उपनिषदांच्या आरंभीं म्हटल्या जाणाऱ्या एका सुप्रसिद्ध शान्तिपाठाचा दाखला देत असें. गुरु आणि शिष्य अध्ययनास बसण्यापूर्वीं तो म्हणतात. त्यांत जें जें मागितलें आहे तें सर्व दोघांसाठीं आहे; तेथील सर्वनाम द्विवचनी आहे. शिष्याचें अध्ययन आणि गुरूचें अध्ययन अशी वांटणी तेथें नाहीं. दोघे मिळून जें शिकतात तें एकच असतें, म्हणून त्याचें तेजहि दोघांचें. आमच्या पूर्वजांनीं विद्येला एकवचन लावलें नाहीं, हें मला नेहमीं मोठें सूचक वाटत आलें आहे.

हा विचार पुनः नव्यानें करण्यास गेल्या वर्षीं एक निमित्त घडलें. आमचें कुटुंब एकत्र आहे. वृद्ध मातोश्री, आम्ही दोघे बंधु आणि आमचे संसार एकाच घरांत नांदतात. धाकट्या बंधूंची कन्या विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. झाली. तिच्या आधीं माझा मुलगा इंजिनिअर होऊन नोकरीस लागला होता, तेव्हां घरांत पेढ्यांच्या पेट्या आल्या, शेजारपाजारीं वांटल्या गेल्या. मुलीचा निकाल पहिल्या वर्गाचा होता. परंतु पदक नाहीं, नंबर नाहीं. कोणी वाईट बोललें नाहीं. घरांत एक प्रकारची शांतता मात्र पसरली. आणि परीक्षा देऊन बसलेल्या मुलांना ती शांतता बरोबर ऐकूं येते.

त्या शांततेंतच तिनें पुढें पीएच्. डी. करावयाचा मनोदय सांगितला. बंधु बँकेंत अधिकारी आहेत. मनुष्य प्रेमळ, पण हिशेबी. संशोधनास नियमाप्रमाणें तीन वर्षें तरी लागणार, सहा लागलीं तरी नवल नाहीं. पुढें प्राध्यापकाची कायम जागा मिळेलच असें नाहीं. शिवाय मुलीच्या लग्नाचाहि विचार घरांत चालू झालेला. "पहिली-दुसरी आली असती तर गोष्ट वेगळी. इंग्रजी घेऊन नुसती पास होणारीं मुलें हजारों आहेत," असें ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें नव्हे. आज अनेक पदवीधर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, वर्षानुवर्षें शिकवीत आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे.

अशा वेळीं तिच्या विभागाकडून गुणगौरव समारंभाचें निमंत्रण मोबाईलवर आलें. पालकांनाहि बोलावणें होतें. बंधूंना त्या दिवशीं रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि मुलीचा सत्कार नसल्यामुळें जाण्याची उत्सुकताहि नव्हती. तिनें माझ्याकडे पाहून विचारलें, "काका, तुम्ही याल का?" मी गेलों.

विद्यापीठाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असा विभाग महाराष्ट्रांत दुसरीकडेहि असेल. दारांतच हस्तलिखित भित्तिपत्रक लावलेलें होतें. मी तें चष्मा पुसून वाचलें. इंग्रजी कविता होत्या, पुस्तकांचीं परीक्षणें होतीं, आणि एका मुलीनें आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या इंग्रजींत उतरविल्या होत्या. मूळ ओव्या शेजारीं मराठींत होत्या. 'जातें' ह्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द देऊनहि अर्थ पुरेसा येत नाहीं, म्हणून तिनें कडेला जात्याचें चित्र काढलें होतें. पुढें सभागृहांत प्रारंभीं शेक्सपिअरच्या ऑथेल्लो नाटकांतील एक प्रवेश मुलांनीं मूळ इंग्रजींत करून दाखविला, आणि लागलीच तोच प्रवेश देवलांच्या झुंझारराव नाटकांतून मराठींत केला. झुंझारराव हें त्याच नाटकाचें १८९० सालचें मराठी रूपांतर. मला इंग्रजी प्रवेश थोडा समजला, मराठी पुरा समजला. आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यामुळें इंग्रजीहि मागाहून उमगलें.

नंतर गुणवंतांचीं नांवें झालीं. नेट परीक्षेंत दोघी आणि सेट परीक्षेंत चौघे उत्तीर्ण झाले होते. विद्यापीठाचें पदक मिळविणारा एक मुलगा होता. विभागप्रमुख एक विदुषी बाई आहेत. त्यांनीं घालून दिलेली रीत अशी कीं, सत्काराचें पुस्तक हातीं घेतल्यावर प्रत्येकानें दोन मिनिटें बोलावें, आणि आपण किती अभ्यास केला हें न सांगतां कोणाबरोबर वाचलें तें सांगावें. ज्यांचें नांव निघेल त्यांनीं आपल्या जागीं उभें राहावें, आणि टाळ्या त्यांच्यासाठींहि व्हाव्या.

पदक मिळविणारा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेंतून मराठी माध्यमानें शिकलेला. त्याचे वडील एस्. टी. महामंडळांत कंडक्टर. तो म्हणाला कीं, पहिले सहा महिने आपण शेवटच्या बाकावर बसत होतों. व्याख्यान इंग्रजींत चाले, त्यांतलें निम्मेंहि कळत नसे, आणि विचारावें तर विचारणेंहि इंग्रजींतच भाग होतें. पुढें ग्रंथालयामागच्या कडुलिंबाखालीं दुपारीं चार वाजतां सहाजण जमूं लागले. एकानें एक पान मोठ्यानें वाचावयाचें, दुसऱ्यानें त्याचा आशय मराठींत सांगावयाचा, तिसऱ्यानें तोच इंग्रजींत मांडावयाचा, असा क्रम. दोन वर्षें हा क्रम परीक्षेच्या दिवसांतहि मोडला नाहीं. त्यानें पांच नांवें घेतलीं. चौथें नांव आमच्या मुलीचें होतें. ती उभी राहिली. घरीं तिनें ह्याचा एक शब्दहि काढला नव्हता.

तिच्याविषयीं तो जें बोलला तें मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतों : "माझा उच्चार चुकला तर ही कधीं टोकायची नाही. पुढचं पान स्वतः वाचायला घ्यायची, आणि तो शब्द आला की नीट म्हणायची. मला कळायचं, बाकीच्यांना कळायचंसुद्धा नाही." मी आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारीत आलों. शिकविण्याची ही हातोटी किती अवघड आहे हें त्या सभेंत माझ्याइतकें क्वचितच कोणाला ठाऊक असेल. दुसऱ्याला न लाजवितां शिकविणें हें कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत विचारलें जात नाहीं, आणि म्हणून त्याला गुणहि नाहींत.

शेवटीं ग्रंथालयांतील वृद्ध शिपायास शाल देण्यांत आली. कोणतें पुस्तक कोणत्या फळीवर आहे हें यादी न पाहतां तो सांगतो, असें एका मुलीनें सांगितलें तेव्हां सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. मग चहा-पोहे झाले. वाढण्यास सत्कार झालेलीं मुलेंच होतीं. माझ्या शेजारीं ते कंडक्टर गृहस्थ बसले होते. "ती तुमच्या घरची होय?" ते म्हणाले, "पोरगा सुट्टीत आला की ह्या पाचजणांचंच सांगत असतो. एकदा घरी आणा म्हटलं सगळ्यांना."

परत येतांना मुलगी म्हणाली, "काका, दुसऱ्याला समजावून सांगायचं म्हणून मला प्रत्येक पान तीनदा वाचावं लागायचं. विषय त्यातूनच सुचला." मराठींत आलेल्या शेक्सपिअरचा अभ्यास तिला करावयाचा आहे. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांनीं १८६७ सालीं ऑथेल्लोचें भाषांतर केलें, आगरकरांचें विकारविलसित १८८३ सालीं निघालें, पुढें देवल आले. एकच परदेशी नाटककार प्रत्येकाच्या मराठींत निराळा कां बोलतो, हा तिचा प्रश्न. कडुलिंबाखालीं तीच गोष्ट रोज घडत होती. एकाच पानाचे सहाजण सहा अर्थ सांगत होते.

विद्यार्थ्यांनीं विद्यार्थ्यांस वर काढावें ही गोष्ट आमच्याकडे आजची नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांची वाङ्मय व शास्त्र ह्यांना वाहिलेली सभा १८४८ सालीं स्थापन झाली. निबंध वाचणें आणि त्यांवर चर्चा करणें हा तिचा उद्योग. परंतु नुसत्या निबंधांनीं त्या तरुणांचें समाधान झालें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १८४९ सालीं, त्यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा उघडल्या आणि आपला वेळ देऊन, वेतन न घेतां, ते स्वतः तेथें शिकवूं लागले. दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींतील एक अग्रणी. मराठी मुलींच्या शाळेस नाना शंकरशेट ह्यांनीं आश्रय दिला. मुंबई विद्यापीठ तर १८५७ सालीं स्थापन झालें. म्हणजे पदव्या देणारें विद्यापीठ निघण्यापूर्वींच विद्यार्थ्यांनीं विद्येचें अनेकवचन करून दाखविलें होतें. त्यांपैकीं कोणाचा कितवा नंबर होता, हें आज कोणी विचारीत नाहीं.

मात्र सोबतीचें महत्त्व सांगतांना सत्काराचें महत्त्व कोणी कमी लेखूं नये. योग्य वेळीं न मिळालेली शाबासकी काय करते, ह्याचें उदाहरणहि आमच्याच प्रांतांत आहे. नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. परीक्षेंत त्यांनीं उज्ज्वल यश मिळविलें होतें. परंतु विलायतेस जाण्याची जी शिष्यवृत्ति मिळावयाची, ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यांत आली. त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत इंग्रजी शिकवूं लागल्या. पुढें इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डास गेल्या. तेथें कायद्याची परीक्षा त्यांनीं १८९२ सालीं दिली, पण स्त्रियांना पदव्या देण्यास त्या विद्यापीठानें १९२० सालीं आरंभ केला. इतकीं वर्षें केलेलें यश मान्यतेवांचून राहिलें! ह्या हकीगतींत मला दोन्ही गोष्टी दिसतात : संस्थेनें नाकारलेला मान, आणि तो नाकारला गेल्यावर पुढें झालेले मित्रांचे हात. हात नसते तर त्या ऑक्सफर्डास पोंचल्या नसत्या. आणि मान वेळेवर मिळता तर हातांना इतके श्रम पडते ना.

इंग्रजी वाङ्मय हा परक्यांचा विषय, तो घेऊन आमच्या मुलांनीं काय मिळवावें, असाहि प्रश्न घरोघरीं निघतो. खुद्द ऑक्सफर्डास ह्या विषयाची स्वतंत्र शाखा १८९४ सालीं निघाली. केंब्रिजची १९१७ सालची. आमच्याकडे मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८६२ सालीं उतरलेले रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे चौघे त्यापूर्वींच इंग्रजी ग्रंथकारांचें परिशीलन करून बसले होते. आणि ज्यांनीं इंग्रजी शिकविलें त्यांनीं मराठीला विन्मुख पाठविलें असें नाहीं. नागपुरास इंग्रजीच्या प्राध्यापिका असलेल्या कुसुमावती देशपांडे १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे दोघे ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी इंग्रजीचेच अध्यापक होते. करंदीकरांनीं तर शेक्सपिअरचा राजा लिअर मराठींत आणला. दुसऱ्याची भाषा मनापासून शिकणारा मनुष्य आपल्या घरीं रिकाम्या हातानें येत नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर मीं समारंभाचा वृत्तांत घरांत सांगितला. बंधु पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मातोश्रींनीं शहाऐंशी वर्षांच्या अनुभवानें निकाल दिला : "पोरीनं पाचजणांना शिकवलं म्हणतां, मग ती मास्तरीण झालीच की! आता कागदच तेवढा यायचा राहिला." सर्वजण हंसले. बंधूंनीं तीन-चार दिवस विचार केला आणि मुलीशीं बसून मोकळेपणीं बोलणें केलें. ठरलें तें असें : एक वर्ष तिनें एखाद्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवावें, नेटची परीक्षा द्यावी आणि संशोधनाच्या प्रवेशाची खटपट करावी, लग्नाचा विषय तिनें काढल्यावांचून कोणी काढूं नये. तिचें पुढें कसें होईल हें मी कोठून सांगणार? जागा थोड्या आहेत, उमेदवार पुष्कळ आहेत. बंधूंची काळजी एका समारंभानें नाहींशी झाली असें नाहीं. परंतु घरांतील ती शांतता गेली. आपली मुलगी पहिली आली नाहीं एवढेंच घरास पूर्वीं ठाऊक होतें. जो पहिला आला त्याच्या यशांत तिचा वांटा आहे, हें आतां ठाऊक झालें. मनुष्याचें मोल ठरविण्यास दुसरी माहिती पहिलीहून कमी उपयोगाची नाहीं.

वाचकांच्या घरांतहि दरवर्षीं निकाल लागत असतील. कोणाचा नंबर येईल, कोणाचा येणार नाहीं. नंबर अवश्य विचारावा, परंतु त्यामागोमाग दुसरा प्रश्नहि विचारावा : "कोणाबरोबर वाचलेंस?" जें मूल ह्याचें उत्तर चटकन् देईल, त्याला विद्या पचूं लागली असें समजावें. उत्तर न देतां तें गप्प बसलें, तर त्याला रागें न भरतां एखादा सोबती घरीं चहाला बोलावण्यास सांगावें. आणि घरांत पेढे येतील तेव्हां त्यांपैकीं एक पेटी ज्याला नंबर मिळाला नाहीं पण ज्यानें पुस्तक, टिपणें किंवा चार वाजतांची वेळ दिली, त्याच्या घरीं धाडावी. विद्यापीठाचा एक विभाग हें करूं शकतो, मग आमच्यासारख्या दहा माणसांच्या घरांना तें अशक्य कां असावें? एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना तरी अनेकवचन नव्यानें शिकविण्याची गरज पडूं नये.